तोडकरांचा उपवास

डॉक्टर इनामदार बाईंनी पेनाचं टोपण काढलं, कागदावर हात नेला, माझा रिपोर्ट परत एकदा बघितला आणि टोपण पुन्हा लावलं. मी तोवर खुर्चीतून अर्धा उठलोही होतो.

"बसा, जयवंतराव," बाई म्हणाल्या. "ही सही मी करणार नाही."

तो कागद म्हणजे माझा फिटनेसचा दाखला. मी विट्यातल्या एका शाळेची बस चालवायचो. सतरा वर्षं, एकच रस्ता. विट्याहून सकाळी रिकामी गाडी घेऊन लेंगऱ्याला जायचं आणि येताना वाटेतल्या वाड्यावस्त्यांवरची पोरं गोळा करत आणायची. कुठल्या वळणावर कोण उलटी करतं, कुणाचा डबा रोज घरी विसरतो, कुणाची आजी गाडी दिसेपर्यंत फाटकातून हलत नाही, सगळं मला पाठ. शाळेचा नियम असा की दरवर्षी जूनमध्ये ड्रायव्हरनं डॉक्टरचा दाखला द्यायचा. सोळा वर्षं दिला. सतराव्या वर्षी साखरेनं दगा दिला.

बाईंनी मला तीन महिन्यांची सरासरी दाखवली. दहाच्या वर होती. आठच्या आत आणा, मग सही, असं त्यांनी सांगितलं. मग सरळ डोळ्यात बघून विचारलं, की लांबचं धूसर दिसतं का. मी नाही म्हणालो. ते खोटं होतं. सुट्टीच्या महिनाभर आधीपासूनच मला समोरून येणाऱ्या एसटीची पाटी अगदी जवळ आल्याशिवाय वाचता येत नव्हती, आणि माझ्या मागे चाळीस पोरं बसलेली असायची. बाईंना ते कळलं असावं. दसऱ्याला परत तपासू म्हणाल्या.

मुख्याध्यापक भला माणूस. दसऱ्यापर्यंत बदली ड्रायव्हर लावतो म्हणाला. त्यानंतर मात्र कायमचा माणूस नेमावा लागेल, हेही त्यानं खाली बघत सांगितलं. मी चाव्या टेबलावर ठेवल्या आणि चालत घरी आलो. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मला घरी बसायची भीती वाटली. उगाच कशाला लपवू, रडलोसुद्धा.

माझी बायको शालन मात्र रडली नाही. ती कामाला लागली. त्याच संध्याकाळी घरातला साखरेचा डबा आणि गुळाची ढेप तिच्या बहिणीकडे पोचली. दुसऱ्या दिवसापासून माझं ताट असं: एक ज्वारीची भाकरी, मेथी, वाटीभर डाळ, काकडी. रात्री तेच, फक्त मेथीच्या जागी शेपू. चहा बिनसाखरेचा, आणि बाईंनी लिहून दिलेली साखर उतरवायची गोळी. मी खाण्यावर जीव असलेला माणूस. भूक लागली म्हणून नव्हे, वेळ झाली म्हणून नव्हे, तर वास आला म्हणून जेवणारा. घरी बसलेल्या माणसाला वासही जास्त येतात. पंधरा दिवसांत मी शेजाऱ्यांच्या फोडणीवरून त्यांची भाजी ओळखायला लागलो.

आणि अशात आषाढी एकादशी आली.

शालन लग्नाआधीपासून एकादशी धरायची. मी कधीच नाही. त्या दिवशी सकाळी मी ओसरीत पेपर वाचत बसलो होतो आणि आतून तुपातल्या जिऱ्याचा वास आला. पाठोपाठ दाण्याच्या कुटाचा. पेपर बाजूला ठेवून मी आत गेलो. परातीत मोकळी, लुसलुशीत साबुदाण्याची खिचडी, शेजारी भगर, दाण्याची आमटी, उकडलेली रताळी, दोन केळी. आणि माझ्यासाठी वेगळ्या ताटात मेथी.

मी म्हणालो, मीही आजपासून एकादशी धरणार.

शालन माझ्याकडे बघतच राहिली. तीस वर्षं ती मला देवळात चला म्हणत होती आणि तीस वर्षं मी बाहेर चपला राखत होतो. तिचे डोळे भरून आले. तिनं मला पाटावर बसवलं, आधी मला वाढलं, मग परत वाढलं. बटाटा जरा जास्त घालू का, असं तिनंच विचारलं. मी म्हणालो, देवाच्या कामात हात आखडू नये.

त्या दिवशी मला फार मोठा शोध लागला. भाकरी ही डॉक्टरच्या हद्दीत येते, उपवास देवाच्या. देवाच्या हद्दीत डॉक्टरचं चालत नाही. पुढच्या आठवड्यात मी शंकराचा सोमवार धरला, देवीचा मंगळवार धरला, दत्ताचा गुरुवार धरला, आणि ड्रायव्हर माणूस म्हणून मारुतीचा शनिवार तर हक्कानंच धरला. संकष्टी आणि एकादश्या वर. आमच्या गल्लीत सगळ्यांनाच वाटायचं की उपवासानं पोटाला विसावा मिळतो आणि साखर आपोआप उतरते. शालनलाही तसंच वाटायचं, त्यामुळे तिला दुप्पट आनंद. बायका मला वाटेत थांबवून कौतुक करायच्या. कुणी रताळ्याचा कीस पाठवायचं, कुणी शिंगाड्याचा शिरा. मी कपाळाला अष्टगंध लावून ओसरीत बसायचो आणि वाट्या रिकाम्या करून धुऊन परत पाठवायचो. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात, ती एकादशी मी आठवड्यातून चार वेळा करत होतो. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात तसा मी. बाकीचे तीन दिवस मेथी खाताना मला वाईटसुद्धा वाटायचं नाही.

श्रावणाच्या मध्यावर बाईंनी बोट टोचून साखर बघितली. तीनशे अठरा. बाईंनी यंत्र झटकून परत बघितलं. मग शालनला विचारलं, घरात काय चाललंय. शालननं अभिमानानं सांगितलं, की भाकरी मोजून, गोडाचा कण नाही, गोळी वेळेवर, आणि शिवाय आठवड्यातले चार दिवस निव्वळ उपवास. बाईंनी हातातलं पेन ठेवलं आणि विचारलं, की उपवासाला काय देता. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागलो. शालन एकेक पदार्थ सांगत होती आणि मला प्रत्येक पदार्थ जिन्याच्या पायरीसारखा खाली नेत होता.

"वहिनी," बाई शांतपणे म्हणाल्या, "साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च. पोटात गेला की तासाभरात त्याची साखर होते. त्यात बटाटा, वर केळं. तीन दिवस तुम्ही जे कमावता ते चार दिवसांत हे उडवतात."

मग त्यांनी उलटी बाजूही सांगितली. ही गोळी घेऊन पोट अगदी रिकामं ठेवलं तर साखर एकदम घसरते, घाम सुटतो, माणूस कोसळतो. उपवास करायचाच असेल तर त्यांना विचारून, गोळी बेतून, थोडं थोडं खाऊन. पण खिचडी बंद.

रस्ताभर शालन माझ्या दोन पावलं पुढं चालली. मला वाटलं, संपलं आपलं राज्य. घरी आल्यावर तिनं पाणी दिलं आणि म्हणाली, आता उपवास सोडा. आणि तेव्हा, आजही सांगताना मला लाज वाटते, मी ठेवणीतलं अस्त्र काढलं. मी म्हणालो, मारुतीसमोर शब्द दिलाय, दसऱ्यापर्यंत एकही उपवास चुकवणार नाही. नोकरीसाठीच दिलाय. मध्येच मोडला आणि काही वाईट झालं तर तू जबाबदारी घेशील का?

असा शब्द मी कुणालाही दिला नव्हता. मारुतीला तर नाहीच. पण शालनचा चेहरा उतरला. नवऱ्याला देवाचा शब्द मोडायला लावणारी ती बाई नव्हती. तिनं पदर डोळ्याला लावला आणि आत गेली, आणि मी ओसरीत बसून मनातल्या मनात शनिवारचा बेत ठरवत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला न सांगता लेंगऱ्याला गेली, आणि संध्याकाळच्या एसटीनं परत आली ती अनसा आत्याला घेऊन.

अनसा आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, वाळक्या शेंगेएवढी, आवाज मात्र खणखणीत. लग्न होऊन वर्षात नवरा गेला, ती माहेरी आली, आणि तेव्हापासून आम्हा तोडकरांचे देव तिच्या ताब्यात. कुठल्या सणाला काय करायचं, नैवेद्याला काय लागतं, काय चालतं, काय चालत नाही, सगळं तिला विचारायचं. तिनं सांगितलं की भावकीतल्या चाळीस घरांत कुणी ब्र काढायचं नाही.

आत्यानं गाठोडं खाली ठेवलं, माझ्या कपाळावरचं अष्टगंध बघितलं आणि म्हणाली, पोरा, फार बरं वाटलं. शब्द दिलायस म्हणं मारुतीला. मी मान डोलावली. मग तिनं विचारलं, की उपवासाला काय खातोस. मी सांगितलं. ऐकताना तिनं दोन्ही कानांना हात लावले.

"अरं देवा," ती म्हणाली. "आपल्यात साबुदाणा चालत न्हाई."

मी म्हणालो, कधीपासून?

"पहिल्यापासनं. तोडकरांच्यात चालत न्हाई. बटाटा न्हाई, रताळं न्हाई, केळ तर श्रावणात हातात धरायचं न्हाई."

मी म्हणालो, मला आजवर कुणी सांगितलं नाही.

"तू कवा उपास धरला हुतास? धरला असतास तर सांगितलं असतं."

मी शालनकडे बघितलं. ती चुलीशी काहीतरी निवडत होती, पाठमोरी. मी विचारलं, यामागं कारण काय. आत्या म्हणाली, कुळाचाराला कारण विचारत न्हाईत. मग चालतं काय, असं विचारलं, तर आत्यानं बोटांवर मोजत सांगितलं. राजगिऱ्याची एक भाकरी. लाल भोपळ्याची नाहीतर दुधीची भाजी. काकडी. दही, ताक हवं तेवढं. भाजलेले दाणे, पण मूठभरच, आणि मूठ आत्याची. हे सगळं एकदम नाही, दिवसभरात चार वेळा थोडं थोडं. मी शेवटचा प्रयत्न म्हणून म्हणालो, मग उद्यापन करून सोडूनच देतो उपवास. आत्या म्हणाली, शब्द दसऱ्यापर्यंतचा हाय, उद्यापन दसऱ्यालाच हुईल. तवर मी हितंच ऱ्हाते.

करायला गेलो एक आणि झालं एक. ज्याच्या जिवावर महिनाभर खिचडी खाल्ली तोच देव आता मला भोपळा खायला घालत होता. आत्या रोज समोर पाटावर बसायची. माझ्या ताटात जे, तेच तिच्या ताटात. उपवास संपायची वाट बघावी तर पुढं भाकरी आणि शेपू उभाच. आठवड्यातले सातही दिवस मेले. शालननं गुपचूप बाईंना विचारून उपवासाच्या दिवसांच्या गोळ्या बेतून घेतल्या होत्या, ते मला नंतर कळलं.

भाद्रपदातल्या एका गुरुवारी मला सहन झालं नाही. नळाची चावी आणतो सांगून मी स्टँडवर गेलो. स्टँडसमोरच्या हॉटेलात उपवासाची खिचडी मिळायची, वर दही आणि बटाट्याचा चिवडा. मी प्लेट घेतली, फुटपाथवर उभा राहिलो, पहिला घास तोंडाजवळ नेला आणि समोरून माझी बस आली.

बदली ड्रायव्हर घाईत होता. स्टँडजवळचा गतिरोधक मी सतरा वर्षं पाळण्यासारखा ओलांडायचो, यानं गाडी तशीच उडवली. आतली पोरं उसळली. मग एकीनं मला बघितलं. "जयवंतकाका," असं ओरडली आणि सगळी गाडी खिडक्यांना चिकटली. चाळीस तोंडं, ऐंशी हात. कधी येणार, कधी येणार, एवढंच ऐकू येत होतं. मी प्लेट पाठीमागे लपवली. कुणी पोर मला विचारणार नव्हतं की तुम्ही काय खाताय, तरी लपवली. गाडी वळणावर गेली आणि मागची पाटी मला दिसली. शाळेचं नाव दिसलं, खालचा फोन नंबर मात्र वाचता आला नाही. आणि ही तीच पोरं, ज्यांना घेऊन मी महिनाभर आंधळ्यासारखी गाडी हाकली होती.

प्लेट तशीच काउंटरवर ठेवून मी घरी आलो. आत्यानं विचारलं, मिळाली का चावी. मी म्हणालो, दुकान बंद होतं. तिनं ताकाचा पेला पुढं केला.

त्या दिवसापासून मी मनापासून उपवास करायला लागलो. सकाळ-संध्याकाळ चालायला लागलो, आत्याला मूठ मोजायची गरज उरली नाही. पण आमच्यासारख्या माणसांचं एक असतं, करत नाहीत तेव्हा काहीच करत नाहीत आणि करायला लागले की अंगावर घेतात. घटस्थापनेच्या दिवशी मला वाटलं, दसऱ्याला नऊच दिवस उरलेत, थोडं खाऊन साखर उतरते तर काहीच न खाल्ल्यावर किती उतरेल. शालननं वाढलेली राजगिऱ्याची भाकरी मी गुपचूप गाईला घातली. दुपारचं ताक मोरीत ओतलं. गोळी मात्र नेमानं घेतली.

चारच्या सुमाराला हात कापायला लागले. घाम इतका की सदरा पाठीला चिकटला. शालन देवीच्या देवळात गेलेली. आत्या घटासमोर बसून झेंडूची माळ ओवत होती. मी दारात येऊन उभा राहिलो आणि मला आत कशासाठी आलो तेच आठवेना. आत्यानं वर बघितलं.

"काय खाल्लंस सकाळपासनं?"

मी म्हणालो, काही नाही.

एरवी जमिनीवरून उठायला तिला भिंत लागायची आणि दोन वेळा देवाचं नाव लागायचं. त्या दिवशी ती कशी उठली मला माहीत नाही. घटापुढं नैवेद्याला साखरेची वाटी ठेवलेली होती, शेजारणीकडून आणलेली, अजून देवीला दाखवायची होती. आत्यानं ती उचलली, तांब्यातल्या पाण्यात ओतली, बोटानंच ढवळली आणि मला खाली बसवून तांब्या तोंडाला लावला. मी मान फिरवली. उपवास मोडेल, असं काहीतरी मी पुटपुटलो.

"उपास माणसानं धरायचा असतो," आत्या म्हणाली. "माणूसच न्हाई ऱ्हायला तर धरणार कोण? पी."

मी प्यालो. पंधरा मिनिटांत डोकं जागेवर आलं. तेवढा वेळ आत्या माझा हात दोन्ही हातांत धरून बसली होती. देवीचं काय, असं मी विचारलं. ती म्हणाली, देवीला दुसरी वाटी मिळंल.

बाईंनी दुसऱ्या दिवशी मला असं झापलं की त्यापुढं साखर बरी. गोळी त्यांनी अर्ध्यावर आणली, दर तीन तासांनी खायला लावलं, आणि रोज सकाळी येऊन बोट टोचून जायला सांगितलं. आठही दिवस मी गेलो. आकडा ना फार वर गेला ना फार खाली आला.

नवमीला रक्त दिलं. संध्याकाळी मी, शालन आणि आत्या तिघंही दवाखान्यात बाकावर ओळीनं बसलो. बाईंनी आत बोलावलं. कागद हातात घेतला, चष्मा वर केला. सात पूर्णांक सहा.

मी म्हणालो, परत वाचा. त्यांनी परत वाचलं. मग त्यांनी मला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली आणि मी शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत धडाधड वाचत गेलो. या वेळी खोटं बोलायची वेळच आली नाही. गाडीवर बसण्याआधी रोज साखर बघायची आणि रिकाम्या पोटी स्टिअरिंगला हात लावायचा नाही, एवढं कबूल करून घेऊन त्यांनी सही केली. शालन बाईंच्या टेबलावर डोकं ठेवून रडली. आत्यानं बाईंच्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

दसऱ्याला गाडी धुतली, तिला झेंडूचा हार घातला. उद्यापन झालं. रात्री भांडी आवरताना शालन एकटीच हसायला लागली. मी विचारलं काय झालं, तर तिला बोलवेना. मग तिनं सांगितलं. कसला कुळाचार आणि कसलं काय. ती त्या दिवशी लेंगऱ्याला जाऊन आत्यापुढं ढसाढसा रडली होती, काय चालतं ते तिनं जातानाच डॉक्टरबाईंना विचारून घेतलं होतं, आणि आत्या एवढंच म्हणाली होती, की थांब, गाठोडं बांधते.

मी कपाळाला हात लावला. आणि मग आम्ही दोघंही हसलो, तोंडावर पदर आणि पंचा धरून, आत्या जागी होऊ नये म्हणून. हसू ओसरल्यावर शालन म्हणाली, अहो, पण आत्यांना खिचडी जिवापाड आवडते. लेंगऱ्यात एकादशीला सगळ्या गल्लीला त्यांच्या हातची खिचडी जाते. तुमच्यापायी दोन महिने त्यांनी साबुदाण्याला शिवलं नाही. उद्या एकादशी आहे, उद्या मी त्यांना पोटभर खायला घालते.

शालन पहाटे उठली आणि तिनं खिचडी केली. आत्याला गावी जायची घाई, म्हणून डबा भरून माझ्याजवळ दिला. मुख्याध्यापकांना विचारून मी आत्याला गाडीत घेतलं. रिकामी बस, पुढच्या सीटवर एकटी आत्या, मांडीवर गाठोडं. सतरा वर्षांत मला गिअरचा आवाज एवढा गोड कधी लागला नव्हता. लेंगऱ्याच्या अलीकडं पिंपळाखाली गाडी उभी केली, तिच्याजवळ गेलो आणि डबा उघडून पुढं धरला.

आत्यानं डब्याकडे बघितलं. वास तिला आला होता, नाकपुड्या हलल्या. मग तिनं झाकण लावलं.

"आपल्यात चालत न्हाई," ती म्हणाली.

मी हसलो. म्हणालो, आत्या, शालननं सांगितलं मला सगळं. आता कशाला?

ती हसली नाही.

"देवाचं नाव घिऊन खोटं बोलले मी, जयवंता. उभ्या जल्मात असलं बोलले न्हवते. पहिल्या रात्री झोप आली न्हाई. मग म्हटलं, बोललेच हाय तर आता खरंच करावं. मी जगंन तवर साबुदाण्याला शिवणार न्हाई. न्हाई शिवलं म्हंजे तोडकरांच्यात चालत न्हाई. मग खोटं कुठं ऱ्हायलं?"

माझ्या हातातला डबा जड झाला. ही बाई माझ्या जिवासाठी खोटं बोलली आणि ते खरं करायला आपली एकुलती एक आवड कायमची सोडून बसली. आणि मी? मी खोटं बोललो होतो ते खिचडीसाठी. तिच्या पायाशी, गाडीच्या पायरीवर बसून मी सांगून टाकलं. मारुतीला मी कसलाच शब्द दिला नव्हता, आत्या. बटाट्यासाठी बोललो होतो.

"ठावं हाय मला," आत्या म्हणाली. "पहिल्याच दिवशी कळलं, गंध वाकडं लावलं हुतंस."

मी मान खाली घातली. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"पर पाळलास न्हवं? शब्द आधी दिला काय अन् मागनं पाळला काय, मारुतीला काय फरक पडतोय."

मला रडूही आलं आणि हसूही आलं, दोन्ही एकदम, आणि आत्यानं पदरानं माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, चल, उशीर हुतोय, पोरं वाट बघत असतील.

लेंगऱ्याच्या थांब्यावर अकरा पोरं उभी होती. गाडी ओळखीची होती, पण स्टिअरिंगवर मी दिसलो तशी दप्तरं टाकून धावली. दार उघडायच्या आत दोघी पायरीवर. आत्याला खाली उतरायला वाट मिळेना, मग पोरांनीच तिला हाताला धरून उतरवलं आणि गाठोडं घरापर्यंत पोचवून आली. तोवर बाकीच्यांनी सीटवरचा डबा हुडकला. मी म्हणालो, खा. पाच मिनिटांत डबा चाटून पुसून झाला. शेवटचा घास एका पोरीनं माझ्यासाठी राखला होता. बोटांच्या चिमटीत धरून ती माझ्यापाशी आली आणि म्हणाली, काका, आ करा.

मी तिला म्हणालो, तू खा बाळ, आमच्यात साबुदाणा चालत नाही.

तिनं का म्हणून विचारलं. मी म्हणालो, आमची आत्या पाळते. मग सगळी नीट बसली का बघितलं, आणि गाडी सुरू केली.